पंपाच्या सुट्या भागांची वेबसाइट: गूगलवर जाहिरात करावी की फेसबुकवर?

नवा_विक्रेता
पाण्याच्या पंपांचे सुटे भाग (सील, इंपेलर, बेअरिंग) विकायची वेबसाइट तयार आहे. चौकशी फॉर्म किंवा फोनवरून येते, ऑनलाइन पेमेंट नाही. गूगल घ्यावं की फेसबुक-इन्स्टाग्राम? रोजचं बजेट कसं ठरवायचं? आणि पैसे वाया जातात ते नेमके कुठे?

जमाखर्च
सुटे भाग म्हणजे गूगल सर्च, दुसरा विचारच नको. सील गळायला लागलं की माणूस शोधायला बसतो. रील बघणाऱ्याला सीलशी काही देणंघेणं नसतं.

बजेट उलटीकडून मोजा. ५० क्लिकमागे एक विक्री होईल असं धरलं, तर एका क्लिकला परवडणारी कमाल किंमत म्हणजे एका विक्रीतल्या नफ्याचा पन्नासावा भाग. कीवर्ड प्लॅनरमधली (कोणत्या शोध-शब्दाला काय भाव चाललाय ते दाखवणारं गूगलचं साधन) बोली त्याहून बरीच वर असेल तर त्या शब्दाच्या वाटेला जाऊ नका. दिवसाला निदान १०-१५ क्लिक येतील एवढं बजेट हवं, नाहीतर काय चाललंय काय नाही हे कळायलाच महिने जातात. एखाद्या दिवशी दुप्पट खर्च दिसला तर घाबरू नका, गूगलची तशी पद्धतच आहे. महिन्याचं बिल रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपुढे जात नाही.

काटेकोर
त्याआधी कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे जाहिरातीतून किती चौकश्या आल्या त्याची मोजणी. फॉर्म गेल्यावर वेगळं 'धन्यवाद' पान उघडू द्या आणि मोजणी त्या पानावर लावा. बटणावर लावलीत तर चुकलेले, अर्धवट फॉर्मही चौकशी म्हणून धरले जातात. मोजणी 'प्रत्येक' ऐवजी 'एक' ठेवा, म्हणजे पान रिफ्रेश झालं तरी आकडा फुगणार नाही. फोन नंबरवरचा टॅप वेगळा मोजा.

आता गळती. सर्च कॅम्पेन करताना डिस्प्ले नेटवर्कवर (इतर वेबसाइट-अ‍ॅपवर दिसणाऱ्या जाहिराती) आधीच टिक असते, ती काढा. लोकेशनमध्ये 'त्या ठिकाणी असलेले किंवा रस असलेले' हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. जिथे माल पोचवता तिथलेच लोक हवेत, तर फक्त 'असलेले' ठेवा.

सगळ्यात मोठं भोक मात्र कीवर्डचं. नुसता शब्द टाकला की तो ब्रॉड मॅच होतो, म्हणजे दूरचा संबंध असलेले शोधही धरतो, आणि 'पंप सील'साठी 'पंप दुरुस्ती कोर्स' शोधणाराही येऊन क्लिक करतो. अवतरणचिन्हांत टाकला की फ्रेज (त्या शब्दसमूहाचा अर्थ ज्यात आहे ते शोध), चौकोनी कंसात टाकला की एक्झॅक्ट. एक्झॅक्टसुद्धा शब्दशः नसतो, त्याच अर्थाचे शोध त्यात येतात. तुमच्यासाठी सोनं म्हणजे मॉडेल क्रमांकासकट शोध: क्लिक थोडे, पण येणारा घ्यायलाच आलेला. अगदी क्वचित शोधला जाणारा क्रमांक मात्र 'कमी शोध' असा शेरा मिळून निष्क्रिय पडून राहतो. तिथे ब्रँडसकट भागाचं नाव फ्रेजमध्ये टाका.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं त्याची यादी) उघडा आणि नको ते शब्द निगेटिव्हमध्ये (ज्यांच्यावर जाहिरात दिसू नये असे शब्द) टाका: कोर्स, नोकरी, फुकट, सायकल. निगेटिव्हला एकवचन-अनेकवचन आपोआप कळत नाही, 'नोकरी' आणि 'नोकऱ्या' दोन्ही लिहावे लागतात.

जमाखर्च
+१. आणि 'शिफारशी आपोआप लागू करा' बंद ठेवा. तिथूनच ब्रॉड मॅच गुपचूप परत येतो.

नवा_विक्रेता
आभार! बोली गूगलवर सोपवू का? आणि जाहिरात होमपेजवर नेली तर चालेल?

आडवाट
होमपेज नको. सील शोधणारा सीलच्याच पानावर उतरला पाहिजे: फोटो, माप, कोणत्या मॉडेलला बसतो ते आणि फॉर्म, सगळं फार स्क्रोल न करता. क्वालिटी स्कोअर १ ते १० असतो. क्लिकची अपेक्षा, जाहिरातीचा शोधाशी मेळ आणि पानाचा अनुभव या तिन्हींवर तो ठरतो. तो पडला की त्याच जागेसाठी जास्त मोजावं लागतं.

बोली सुरुवातीला 'जास्तीत जास्त क्लिक'वर, पण कमाल मर्यादा घालून (जमाखर्च यांचा पन्नासावा भाग). महिन्याला तीसेक चौकश्या नोंदल्या जायला लागल्या की 'टार्गेट सीपीए'कडे (एका चौकशीमागचा खर्च तुम्ही सांगायचा, बोली गूगल लावतं) वळा. त्याआधी गूगलला शिकायला पुरेसा डेटाच नसतो.

गूगलचे क्लिक आणि अ‍ॅनालिटिक्सच्या भेटी तंतोतंत जुळणार नाहीत. अर्ध्याचाच फरक पडला तर आधी पानाचा वेग बघा, मग रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्यावर नेणं). काही रीडायरेक्ट पत्त्यामागचा जीसीएलआयडी (प्रत्येक क्लिकला गूगल जोडतं ती ओळखखूण) गाळून टाकतात आणि जाहिरातीची भेट भलत्याच खात्यात जमा होते. पत्त्याला तो घटक हाताने जोडून पान उघडा. शेवटच्या पानाच्या पत्त्यातून तो गायब असेल तर दोष तिथेच आहे.