सोकोरोचा झमोरा खरं बोलत होता, मग ते होतं काय?

रात्रपाळी
दोन दिवस लॉनी झमोराच्या प्रकरणात अडकलोय. २४ एप्रिल १९६४, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतलं सोकोरो, संध्याकाळचे पावणेसहा. हा पोलीस एका सुसाट गाडीच्या मागे होता. मोठा आवाज झाला, ज्वाळा दिसली. डायनामाइटची कोठी उडाली की काय म्हणून पाठलाग सोडून तो खडीच्या रस्त्यानं चढावर गेला, तर कोरड्या ओढ्यात अंड्यासारखं पांढरट काहीतरी आणि शेजारी पांढऱ्या कपड्यांतल्या दोन आकृत्या! मग गडगडाट झाला आणि ते उडून गेलं. उडत्या तबकड्यांच्या बातम्या तपासणाऱ्या हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'नं चौकशी करून शेरा मारला: अनोळखी. सरकारनंच हात टेकले, तर आपण काय समजायचं?

टाचणी
कॉलेजच्या पोरांचा उद्योग. न्यू मेक्सिको टेक गावातच आहे. तिथले अध्यक्ष स्टर्लिंग कोलगेट यांनी १९६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगना कळवलं होतं की बनाव रचणाऱ्या विद्यार्थ्याचा आपल्याला सुगावा आहे, तो आता इथून गेलाय. विषय संपला.

जुना कारकून
इतक्यात कसा संपेल, टाचणीताई? विद्यार्थ्याचं नाव नाही, जबाब नाही, ते अंडं कशाचं केलं याचा पत्ता नाही. फौजदारी वकिलाकडे तीस वर्षं कागद लावले मी. असली चिठ्ठी पुरावा म्हणून पुढे केली असती, तर साहेबांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं.

मला आवडतो तो झमोराचा जबाब. तो म्हणतो, सूर्य पश्चिमेला होता, त्यामुळे दिसायला अडचण होत होती. नंबरच्या चष्म्यावर हिरवा गॉगल होता. आधी वाटलं, गाडी उलटलीय. ती दोघं लहान चणीची माणसं असतील, नाहीतर मोठी मुलं. पळताना तो स्वतःच्याच गाडीवर आपटला, चष्मा पडला, तरी पळत राहिला. खोटा साक्षीदार आपल्याच नजरेविरुद्ध इतकं फुकट देत नाही. त्याला सगळं लख्ख दिसतं. (आमच्या एकाला अमावस्येच्या रात्री गालावरचा तीळ दिसला होता.) पण मग चष्मा पडल्यानंतरचं वर्णन किती धरायचं, हेही विचारायला हवं.

पंचनामा चोख झाला. राज्य पोलिसांचे सार्जंट चावेझ काही मिनिटांत पोचले, तेव्हा झुडूप धुमसत होतं, जमिनीत चार खळगे होते. त्याच संध्याकाळी एफबीआयचा माणूस आणि लष्कराचे कॅप्टन होल्डर जागेवर आले, पुढे खगोलशास्त्रज्ञ हायनेक. जळक्या झुडपात इंधनाचा अंश नाही, मातीत परकं काही नाही, किरणोत्सर्गही नेहमीइतकाच. ब्लू बुकचे प्रमुख क्विंटानिला यांनी चंद्रावर उतरवायच्या अमेरिकी यानाच्या चाचण्यांचा धागाही तपासला, तोही तुटला. १९६६ मध्ये सीआयएच्या अंतर्गत नियतकालिकात त्यांनीच कबूल केलं की झमोराला घाबरवणारी वस्तू काही सापडली नाही.

रात्रपाळी, ब्लू बुकच्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अशाच उरल्या. आमच्याकडे याला 'ए समरी' म्हणतात: घटना खरी, माग लागत नाही. ए समरी झाली म्हणून चोर परग्रहावरचा ठरत नाही.

रात्रपाळी
पटलं. पण तुमचं स्वतःचं मत?

जुना कारकून
माणूस खरा, वस्तू कुणा माणसाचीच. सिद्ध करता येणार नाही.

एक राहिलंच. त्या वस्तूवर लाल चिन्ह होतं. खरं चिन्ह जाहीर करू नकोस, म्हणजे नक्कल करणारे पकडता येतील, असं होल्डरनी त्याला सांगितलं म्हणतात. तपास म्हणून युक्ती नामी. आज मात्र दोन वेगळी चिन्हं फिरतात, आणि त्यातलं खरं कोणतं यावरच लोक भांडतात. झमोरा २००९ मध्ये गेला, त्यामुळे त्याला विचारायचीही सोय राहिली नाही.