आनंदामाइड असूनही चेहरा का दुखतो
कुणीतरी विचारलंय की शरीर स्वतःच गांजासारखं द्रव्य बनवतं तर मग चेहऱ्याचं दुखणं वर्षानुवर्षं का राहतं. प्रश्न अगदी रास्त आहे. १९९२ मध्ये जेरुसलेमला रसायनशास्त्रज्ञ राफेल मेशुलम यांच्या लॅबमध्ये असं पहिलं द्रव्य सापडलं, नाव दिलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद' शब्दावरूनच! ते साठवलेलं नसतं, गरज पडली की पेशी तिथल्या तिथे बनवते, मग ते उलट दिशेने जाऊन सिग्नल पाठवणाऱ्या पेशीला सांगतं की सिग्नल जरा कमी कर, आणि चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेतही त्याचे सीबी१ रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं त्या जागा, असतात. पण एक एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं. मग ते एन्झाइमच रोखू अशी कल्पना निघाली, प्राण्यांत चांगलं चाललं, माणसांत मात्र गुडघेदुखीच्या ट्रायलमध्ये फरक दिसला नाही, आणि २०१६ ला फ्रान्समध्ये रेन इथे अशाच एका औषधाच्या ट्रायलमध्ये एकाचा जीव गेला, ते वाचून फार वाईट वाटलं होतं. म्हणून कळकळीने सांगते, चेहऱ्यात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येत असेल आणि त्यासाठी कार्बामाझेपिन हे औषध चालू असेल तर सीबीडी तेलाच्या (गांजाच्या झाडातल्या एका द्रव्याच्या तेलाच्या) भरवशावर ते मनाने बंद करू नका, आधी न्यूरोलॉजिस्टशी बोला.