डॅकसाठी महागडी डिजिटल केबल घ्यावी का? जिटरबाबत सल्ला हवा

मंद्रसप्तक:

नमस्कार. माझ्याकडे एक जुना सीडी प्लेअर असून गेल्या महिन्यात मी त्याला बाहेरचा डॅक (डिजिटल आकड्यांचे आवाजाच्या लहरीत रूपांतर करणारे यंत्र) जोडला. प्लेअरच्या कोअ‍ॅक्शियल डिजिटल आउटमधून डॅककडे जाणारी तार ही जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत मिळालेली, दोन्ही टोकांना पिवळी पिन असलेली दीड मीटरची तार आहे. माझे ऐकणे मुख्यतः ख्यालाचे आणि त्यातही विलंबिताचे असल्याने तानपुऱ्याची जवारी (तारेचा झंकार) कशी उलगडते याकडे माझा कान सतत लागलेला असतो. परवा एका दुकानात या जोडणीचा विषय निघाला, तेव्हा विक्रेत्याने सांगितले की अशा तारेमुळे जिटर (डिजिटल आकड्यांच्या ठेक्यातील बारीक चुका) वाढतो आणि जवारीतले वरचे स्वर विरून जातात. त्यावर उपाय म्हणून त्याने साडेआठ हजार रुपयांची केबल दाखवली. त्या दिवसापासून मला जवारी खरोखरच थोडी धूसर वाटू लागली आहे, आणि हा फरक कानाचा की मनाचा हे मला ठरवता येत नाही. याखेरीज लॅपटॉप यूएसबीने त्याच डॅकला जोडला की स्पीकरमधून बारीक गुणगुण येते. केबल बदलून या दोन्ही गोष्टी सुधारतील का? ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_ध्वनिफीत:

मी बरीच वर्षे जुन्या स्पूल टेप आणि कॅसेट डिजिटल स्वरूपात उतरवण्याचे काम करत आलो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. थोडे सविस्तर लिहितो.

जिटर ही खरी गोष्ट आहे. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने (क्षणाक्षणाला घेतलेली आवाजाची मापे) असतात, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. डॅकने प्रत्येक नमुना नेमक्या त्याच ठेक्यावर बाहेर काढायचा असतो. हा ठेका किंचित पुढेमागे झाला, की आकडे अचूक असूनही लहर जराशी वाकडी उमटते आणि मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना आधी नसलेले क्षीण स्वर उभे राहतात. आपल्या सीडी प्लेअर आणि डॅकमधल्या एस-पीडीआयएफ जोडणीत ठेक्यासाठी वेगळी तार नसते. आकडे आणि ठेका एकाच संकेतात गुंफलेले असतात, आणि डॅकला त्या संकेताच्या चढउतारांवरून ठेका पुन्हा शोधून काढावा लागतो. केबलचा संबंध येतो तो इथेच. ही जोडणी ७५ ओहम इम्पिडन्सच्या (संकेताला तारेतून होणाऱ्या अवरोधाच्या) तारेसाठी आखलेली आहे. तार भलतीच असली तर संकेताचा काही भाग टोकावरून परत फिरतो आणि चढउताराचा नेमका क्षण थोडा सरकतो. सुरुवातीच्या काळातील अनेक डॅक हा सरकलेला ठेका जसाच्या तसा पुढे वापरत, आणि केबलविषयीच्या बऱ्याच समजुती त्याच काळातल्या आहेत. आजचे बहुतेक डॅक येणारा ठेका गाळून स्थिर करतात, किंवा सगळे नमुने स्वतःच्या स्फटिकाच्या (क्वार्ट्झ घड्याळाच्या) ठेक्यावर नव्याने बसवतात.

आता प्रमाणाचा विचार करू. १० किलोहर्ट्झच्या स्वरावर एक नॅनोसेकंदाचा नियमित जिटर असेल, तर बाजूला उमटणारे स्वर मूळ स्वराहून सुमारे ९० डेसिबल खाली असतात. एक किलोहर्ट्झच्या स्वरावर तेच ११० डेसिबल खाली जातात. तानपुऱ्याची १० किलोहर्ट्झजवळची शक्ती मुळातच फार थोडी असते, तेव्हा तिच्याही ९० डेसिबल खालचा आवाज खोलीतल्या पंख्याखाली कुठेच हाती लागणार नाही. १९९८ साली डॉल्बीच्या दोन अभियंत्यांनी केलेल्या चाचण्यांत शुद्ध स्वरावरचा जिटर ऐकू येण्याची मर्यादा, तीही २० किलोहर्ट्झच्या सर्वांत नाजूक स्थितीत, सुमारे १० नॅनोसेकंद निघाली, आणि संगीतात ती त्याहून बरीच वर होती. २००५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनियमित जिटर ओळखण्यासाठी तयार कानांनाही काहीशे नॅनोसेकंद लागले. साध्या पण नीट बनवलेल्या डॅकमधला जिटर एका नॅनोसेकंदाच्याही आत असतो.

कॅसेटशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही, कारण आपल्यापैकी कित्येकांनी जवारी ऐकायला शिकले ते कॅसेटवरच. चांगल्या डेकची गतीसुद्धा हजारात एक भाग इतकी कमीजास्त होत असे. सेकंदाला चार हेलकावे धरले, तर वेळेतील ही चूक सुमारे ४० मायक्रोसेकंद, म्हणजे ४०,००० नॅनोसेकंद भरते. मंद हेलकावा आणि जलद जिटर कानाला वेगवेगळे जाणवतात, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही त्या टेपवर आपण षड्ज-पंचमाचा मेळ ऐकत होतो आणि त्यात रमत होतो.

आपली पिवळी तार ही व्हिडिओची तार आहे, आणि व्हिडिओच्या तारा ७५ ओहमच्याच असाव्यात असा प्रघात आहे. सीडीचा संकेत सेकंदाला सुमारे २८ लाख बिटांचा असतो, आणि दीड मीटर लांबीत त्या तारेला तो जड जाण्याचे काही कारण नाही. मी स्वतः अशाच पिवळ्या तारेतून आणि एका मित्राकडून आणलेल्या महागड्या केबलमधून तीच सीडी संगणकात डिजिटल इनपुटने उतरवून घेतली, दोन्ही फाइली नमुन्याला नमुना जुळवल्या आणि एकीतून दुसरी वजा केली. उरले ते सलग शून्य. यावरून ठेक्याविषयी काही सिद्ध होत नाही, पण 'केबल वरचे स्वर खाते' हे म्हणणे तिथेच निकालात निघते.

आपल्या कानाविषयीची शंका मात्र आपणच फेडू शकता. ती केबल दोन दिवस उसनी आणा आणि घरातल्या कोणाला तरी तारा बदलायला सांगा. कोणती तार लावली हे त्यांनी नाणे उडवून ठरवावे आणि कागदावर टिपावे. सोळा वेळा ऐका. बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर मी माझे म्हणणे मागे घेईन, कारण निव्वळ अंदाजाने तेवढी येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी आहे.

सरोद_श्रोता:

वरील विवेचनाशी सहमत आहे, फक्त माझा एक अनुभव नोंदवतो. केबल बदलल्यावर माझ्याकडे निर्विवाद फरक पडला होता, पण आधीची तार पाच मीटर लांब, साध्या लाल-पांढऱ्या ऑडिओ जोडीतली होती आणि तिची एक पिन सैल झाली होती. आलापात अधूनमधून 'टक्' असा आवाज येई, कधी क्षणभर आवाजच जाई. डिजिटल तार बिघडते तेव्हा ती अशी बिघडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून टीव्हीची ७५ ओहमची तार घेऊन तिला पिना लावून घेतल्या आणि तो दोष कायमचा गेला. ऑप्टिकल (प्रकाशाने संकेत नेणारी) तार घ्यायची असल्यास ती घट्ट वळवू नये, आणि १९२ किलोहर्ट्झच्या फाइली तिच्यातून नीट जातीलच असे गृहीत धरू नये.

मंद्रसप्तक:

दोघांचेही मनापासून आभार. केबल उसनी मिळाली. रविवारी दुपारी मुलीने तारा बदलल्या. मी प्रत्येक वेळी पाठ करून बसलो आणि एकच विलंबित यमन, पहिली दोन मिनिटे, सोळा वेळा ऐकला. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत मला इतकी खात्री वाटत होती की मी उत्तर लगेच सांगत होतो. त्यानंतर खात्री ओसरत गेली. कागद उघडला तेव्हा आठ उत्तरे बरोबर होती, आणि ज्या दोन उत्तरांना मी 'निश्चित' म्हणालो होतो ती दोन्ही चुकीची होती. केबल परत केली आहे. गुणगुण मात्र दोन्ही तारा असताना तशीच होती.

जुनी_ध्वनिफीत:

गुणगुण लॅपटॉपच्या बाजूने येते, त्यामुळे सीडीची तार बदलून ती जाणार नव्हती. लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर ऐकून पाहा. आवाज थांबला, तर चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह यूएसबीच्या तारेवाटे डॅकमध्ये शिरतो आहे, आणि ५० हर्ट्झची ती गुणगुण जिटरपेक्षा हजारो पटींनी मोठी असते. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तेवढ्याने भागले नाही तर यूएसबी आयसोलेटर (दोन उपकरणांमधला थेट विद्युत संबंध तोडणारे साधन) लावा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसल्यास ते काम सर्वांत आधी करावे.

मंद्रसप्तक:

चार्जर काढताच गुणगुण थांबली. एका बोर्डावर घेतल्यावर चार्जर लावूनही ती जवळ कान नेला तरच ऐकू येते. इलेक्ट्रिशियन शनिवारी येणार आहे.