मदत हवी: आबाजींचा कानाचा रिपोर्ट, उजवीकडे 'प्रतिसाद नाही'

काळी_माती: आबाजींना चक्कर येते म्हणून जिल्ह्याच्या गावी नेऊन कानाच्या तोलाची तपासणी केली. रिपोर्टात डावीकडे कमी, उजवीकडे 'प्रतिसाद नाही'. तिथे "वय झालं" एवढंच सांगितलं. डॉक्टर आता सोमवारी. नागपूरले नेऊन एमआरआय करू का? लवकर सांगा, सोयाबीन काढणं सुरू आहे.

निवृत्त_गुरुजी: वय किती? टेस्ट कोणती? कानात पाणी सोडलं, चष्मा लावून मान झटकली, की मानेला वायरी लावून आवाज ऐकवला?

काळी_माती: ७४. वायरी लावल्या. मान वळवून ताणून धरा म्हणत होते, आबाजी मधातच सोडून देत.

तुरीच्या_शेंगा: मानेचाच लोचा हाय बाप्पा. आमच्या मामाजीले पट्टा लावला, चक्कर गायब! एमआरआयचे पैसे काहून घालवता?

कानवाली_ताई: पट्टा नको. ही व्हेम्प टेस्ट, मी रोज करते. मोठ्या आवाजानं आतल्या कानातली सॅक्यूल नावाची पिशवी चाळवते, मानेचा ताणलेला स्नायू क्षणभर सैल होतो, ती लाट मोजतात. साठीनंतर लाट लहान होते, काही धडधाकट म्हाताऱ्यांत सापडतही नाही. स्नायू ताणलाच नाही तर तरुणाचीही येणार नाही. मान झटकायची टेस्ट मात्र सत्तरीतही बहुधा चांगली येते, ती बिघडली तर वयावर ढकलू नये. आणि वय दोन्ही कानांचं सारखंच होतं ना? एकाच बाजूला काही नाही, तर दुसरं कारण पाहा. उजव्या कानानं ऐकू कमी येतं का?

काळी_माती: तो तर लहानपणापासून वाहतो. पोळ्यापासून जास्तच. त्याचा इथं काय संबंध?

तुरीच्या_शेंगा: लसूण टाकून तेल कोमट करा, दोन थेंब कानात.

कानवाली_ताई: अजिबात नाही! वाहत्या कानाचा पडदा बहुधा फुटका असतो, त्यातून तेल थेट आत जातं.

तुरीच्या_शेंगा: आमच्या घरी तीन पिढ्या टाकतात. तुम्ही शिकलेले लोक सगळ्यालेच नाही म्हणता.

पांढरं_सोनं: सरकारी योजनेतून कानाची मशीन घ्यायला बहुधा अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागते, आधी ते काढा.

निवृत्त_गुरुजी: मशीन कोणी विचारली?

कानवाली_ताई: काळी_माती, पडद्याला छिद्र असेल तर आवाज आत पुरेसा पोचतच नाही, मग लाट कशी येणार? ही टेस्ट हाडावर कंपन देऊन परत करता येते का, विचारा. पण ते नंतर. वाहत्या कानासोबत चक्कर म्हणजे हाड पोखरणारी कानातली गाठ, म्हणजे कोलेस्टिटोमा, तर नाही, हे आधी बघायला हवं. सोमवारपर्यंत थांबू नका. एमआरआय स्वतःहून काढू नका, बहुधा कानाच्या हाडाचा सीटी आधी सांगतील.

निवृत्त_गुरुजी: कुशीवर वळताना काही सेकंदच गरगरतं का, तेही सांगा. त्यावर डोकं फिरवून करायचा उपाय असतो.

काळी_माती: वळताना नाही, बसल्या बसल्याही येते. उद्या पहिल्या एसटीनं नेतो. चक्करीच्या गोळ्या महिन्यापासून चालू आहेत, त्या बंद करू का?

कानवाली_ताई: मनानं बंद करू नका, पाकिटंच सोबत न्या. काही गोळ्या फार दिवस चालल्या तर मेंदूला तोल नव्यानं सावरायला उशीर होतो, म्हणून त्या डॉक्टरांना दाखवाच. कान कोरडा ठेवा, आंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून बोळा घाला.