रि: रि: रि: हॉलची चावी कोणाकडे? (आता: मॅटर्निटी पे तीन दिवसांनी हुकला)

मृ., स्लाउ (इंग्लंड). सोमवार १३ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.५२

मंडळाच्या हॉलच्या चावीच्या मेलवरच लिहितेय, सॉरी, नवीन विषय काढायचं डोकं उरलेलं नाही. आज एचआरने एसएमपी१ फॉर्म हातात ठेवला. म्हणजे स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे (एसएमपी, कायद्याने मालकाने द्यायचा बाळंतपणाचा पगार) मिळणार नाही. कारण काय, तर २६ आठवडे भरत नाहीत. ड्यू डेट २१ जानेवारी. त्यांच्या तक्त्याप्रमाणे १९ एप्रिलपर्यंत रुजू व्हायला हवं होतं आणि मी झाले २२ ला. जुन्या ठिकाणी चार वर्षं काढली ती गेली पाण्यात! गणपतीत एक ताई म्हणाल्या होत्या की त्यांचंही असंच झालं होतं. नाव विसरले, हिरवी पैठणी होती. ताई, प्लीज लिहा.

वॉटफर्डची वहिनी. मंगळवार, सकाळी ६.१०

अगं घाबरू नकोस, जुनी सर्व्हिस धरतात. मी एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्ट, म्हणजे हॉस्पिटल चालवणारी संस्था, बदलला तेव्हा मधे पाच आठवड्यांची गॅप होती, तरी सगळी वर्षं धरली. आठ आठवडे पूर्ण पगार, अठरा आठवडे अर्धा. एचआरला ठणकावून सांग.

सचिव. मंगळवार, सकाळी ८.३०

सर्वांना नम्र विनंती, ही यादी फक्त मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. नोकरी, व्हिसा वगैरेंसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा ग्रुप आहे. मागे बॉयलरच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. चावी माझ्याकडेच आहे. शनिवारी साडेतीनला हॉल उघडेन, त्याआधी नाही.

र., रेडिंग. मंगळवार, दुपारी १.०५

हिरवी पैठणी हजर आहे.

वहिनी, तुमचं बरोबर आहे, पण ते एनएचएसच्या आतलं. तिथे एका ट्रस्टमधून दुसऱ्यात गेलं आणि मधली गॅप तीन महिन्यांपेक्षा कमी असली तर त्यांच्या स्वतःच्या मॅटर्निटी स्कीमसाठी नोकरी सलग धरतात. मृ. खाजगी कंपनीत आहे, तिला त्याचा उपयोग नाही.

मृ., हिशोब असा. ड्यू डेट ज्या आठवड्यात येते त्याच्या रविवारपासून १५ आठवडे मागे जायचं. तुझा तो आठवडा ५ ते ११ ऑक्टोबर. तो धरून मागे सलग २६ आठवडे एकाच मालकाकडे हवेत. आता गंमत बघ. डॉक्टर ४० आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. म्हणजे हे २६ आठवडे सुरू होतात जवळजवळ त्या पाळीच्याच आठवड्यात. दिवस गेल्यावर जी नोकरी बदलते तिला नव्या मालकाकडून एसएमपी मिळत नाहीच, कितीही चांगला मालक असो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी दोन महिन्यांची असताना बदलली, प्रमोशनच्या आनंदात.

कोणीतरी सांगेल जुन्या कंपनीकडे माग. तेही नाही. ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात तू तिथे असतीस, तर नंतर सोडूनही त्यांना द्यावा लागला असता.

तुझ्यासाठी आहे तो मॅटर्निटी अलाउन्स. तो सरकार देतं. ड्यू डेटच्या आधीच्या ६६ आठवड्यांत कुठलेही २६ आठवडे काम हवं, त्यातल्या १३ आठवड्यांत आठवड्याला किमान ३० पौंड कमाई हवी. हे १३ सलग नसले तरी चालतात आणि दोन्ही नोकऱ्या धरतात, तेव्हा तुझी ती वर्षं अगदीच पाण्यात नाही गेली. ३९ आठवडे, २०२५-२६ च्या दराने आठवड्याला १८७.१८ पौंड. सव्वीस आठवडे पूर्ण झाले की अर्ज करता येतो, म्हणजे तुझा उद्यापासून. एसएमपी१ जपून ठेव, अर्जासोबत तोच लागतो. आणि मॅटबी१ ची (ड्यू डेटच्या दाखल्याची) मूळ प्रत एचआरकडून आजच परत माग. माझी त्यांच्या ड्रॉवरमध्ये तीन आठवडे पडून होती.

मृ. मंगळवार, दुपारी १.२०

ताई थँक यू!! पण माझ्या व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स आहे, म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही. अलाउन्स घेतला तर पुढे आयएलआरला (इथे कायम राहायच्या परवान्याला) लफडं नको.

र. मंगळवार, दुपारी १.४४

तो पब्लिक फंडात मोडत नाही. एसएमपीही नाही. मी घेतला, माझा आयएलआर झाला.

एक नवीन सभासद, हाउन्स्लो. मंगळवार, संध्याकाळी ५.१५

माझ्या मिसेसच्या अ‍ॅपवर आणि स्कॅनवर वेगळी ड्यू डेट होती. मृ.ताई, तुमची पुढच्या आठवड्यात गेली तर २६ एप्रिलपर्यंतची तारीख चालेल ना? मिडवाइफला सांगून मॅटबी१ बदलून घ्या.

डॉ. काका, हॅरो. मंगळवार, रात्री ९.००

असलं काही करू नका. पहिल्या तिमाहीच्या स्कॅनमध्ये बाळाची लांबी मोजून तारीख ठरते आणि मॅटबी१ वर तीच जाते. अ‍ॅपला फक्त तुमची पाळी कळते, बाळ दिसत नाही. मिडवाइफला भरीला घालणं तर फारच वाईट. तिची नोकरी जाईल.

मृ. मंगळवार, रात्री ९.१२

काका, नाही हो! अ‍ॅपवर २६ जानेवारीच होती, स्कॅनमध्ये २१ आली. मी फक्त एकदा रडले, बदलायला नाही सांगितलं.

धंदेवाले काका, लेस्टर. मंगळवार, रात्री १०.३०

या कंपन्या एवढी कंजुषी का करतात मला कळत नाही. माझ्याकडे सात माणसं. एसएमपी दिला की सरकार मला यंदा १०८.५ टक्के परत देतं, एप्रिल २०२५ पर्यंत १०३ होते. मोठ्या कंपन्यांनाही ९२ टक्के मिळतात. मालकाच्या खिशातून जातं ते काय? आमच्याकडे मुलगी बाळंतपणाला गेली तेव्हा मीच फॉर्म भरले. पुढच्या वर्षी ती परत आली, अजून आहे. आणि हो, यंदा चकली माझ्याकडून नको. गेल्या वर्षी कोणी खाल्ली नाही, सगळी डिकीतून परत आणली.

खजिनदार काका. बुधवार, सकाळी ७.०५

सचिवांची क्षमा मागून. चकली मऊ पडली होती, म्हणून राहिली. विषय संपला.

मृ., पगार साधारण सांगितलास तर फरक काढता येईल. समज ३९,००० धरले तर आठवड्याला ७५०. एसएमपीत पहिले सहा आठवडे ९० टक्के, म्हणजे ६७५. सहा गुणिले ६७५ बरोबर ४,०५०. अलाउन्समध्ये त्याच सहा आठवड्यांचे १,१२३.०८. पुढचे ३३ आठवडे दोन्हीकडे दर सारखाच. फरक २,९२६.९२. अर्थात एसएमपीवर टॅक्स लागतो, अलाउन्सवर नाही, म्हणजे खरा फरक कमी. तरी सोडण्यासारखा नाही. कॉन्ट्रॅक्टवर तारीख कोणती आहे? तू रुजू कधी झालीस ते विचारत नाहीये.

मृ. बुधवार, सकाळी ९.४०

काका, पगार अगदी तेवढाच आहे, कसं कळलं?? कॉन्ट्रॅक्ट काढलं. '१४ एप्रिल २०२५ पासून तुमची नोकरी सुरू' असंच आहे, सही ७ एप्रिलची. मग १० तारखेला मॅनेजरचा मेल, की लॅपटॉप आलेला नाही, शुक्रवारी आणि सोमवारी ईस्टरची सुट्टी, तर ऑफिसात थेट मंगळवारी २२ ला ये. मी 'ओके थँक्स' लिहिलं आणि घरी बसले. आईशी फोनवर बोलत पडदे शिवले.

स., ईलिंग. बुधवार, दुपारी १२.१५

थांब, अर्ज करायच्या आधी हे वाच. मी सॉलिसिटरकडे काम करते, स्वतः सॉलिसिटर नाही. १९८४ ची सॅल्व्हेशन आर्मीविरुद्ध एका शिक्षिकेची केस आहे. कॉन्ट्रॅक्ट १ मेपासून, पण तो शनिवार. सोमवारी बँक हॉलिडे. बाई प्रत्यक्ष वर्गात गेल्या ४ तारखेला. अपिलात ठरलं की 'काम सुरू' म्हणजे कॉन्ट्रॅक्टप्रमाणे नोकरी सुरू, खुर्चीत बसल्यापासून नव्हे. केस एसएमपीची नव्हती, पण मुद्दा तोच. आठवड्यातला एक दिवस जरी कॉन्ट्रॅक्टखाली गेला तरी पूर्ण आठवडा धरतात. म्हणजे १४ धरली तर तू सुखरूप बसतेस.

एक नवीन सभासद, हाउन्स्लो. बुधवार, दुपारी १२.५०

पण ताईंनी 'ओके' लिहिलं ना? मग तारीख दोघांच्या संमतीने बदलली असं कंपनी म्हणेल.

स. बुधवार, दुपारी १.३०

म्हणू शकते, प्रश्न चांगला आहे. म्हणून मेलचे शब्द महत्त्वाचे. 'ऑफिसात २२ ला ये' वेगळं, 'तुझी स्टार्ट डेट आता २२' वेगळं. मृ., शब्द न् शब्द बघ.

खजिनदार काका. बुधवार, दुपारी १.३८

शब्द राहू देत. एप्रिलची पे-स्लिप काढ. कापाकापीच्या आधीचा पगार किती?

मृ. बुधवार, रात्री ८.०२

१,९२०.४५

खजिनदार काका. बुधवार, रात्री ८.०९

३९,००० भागिले १२ म्हणजे ३,२५०. एप्रिलमध्ये सुट्ट्या धरून कामाचे वार २२. बावीस तारखेपासून धरलं तर सात दिवस, १,०३४.०९ मिळाले असते. चौदापासून तेरा दिवस होतात. ३,२५० गुणिले १३ भागिले २२ बरोबर १,९२०.४५.

त्यांनी तुला १४ पासून पगार दिलाय. पडदे शिवायचा.

र. बुधवार, रात्री ८.११

काका!!!

स. बुधवार, रात्री ८.२५

झालं. कॉन्ट्रॅक्ट, तो मेल आणि पे-स्लिप, तिन्ही एकाच मेलमध्ये एचआरला. भांडू नको, 'सिस्टीममध्ये २२ कशी आली ते कृपया तपासावे' एवढंच. तरी नाही म्हणाले तर एचएमआरसीकडे (सरकारी करखात्याकडे) निर्णय मागता येतो. तोपर्यंत रजेची काळजी सोड. ५२ आठवड्यांची रजा पहिल्या दिवसापासूनची आहे, तिला कोणी हात लावू शकत नाही.

सचिव. गुरुवार, सकाळी ८.००

अभिनंदन, पण यादीवर दोन दिवसांत एकवीस मेल झाले आणि प्रोजेक्टर कोण आणणार हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

मृ. गुरुवार, दुपारी ३.१७

एचआरचा आत्ता मेल आला. 'पेरोलला विचारतो, एसएमपी१ तूर्त मागे घेत आहोत.' तूर्त म्हणजे काय ते सोमवारी कळेल. अलाउन्सचा अर्ज भरून ठेवलाय, पाठवला नाही.

प्रोजेक्टर आमच्याकडे आहे. पण उचलायला कोणीतरी या, मला जड उचलायचं नाहीये.

वॉटफर्डची वहिनी. गुरुवार, दुपारी ३.४०

बघ, मी म्हटलं होतं ना ठणकावून सांग.