मदत हवी आहे: डीऑक्सिकोलेटचं बफर फ्रिजमध्ये जेलीसारखं होतंय

नमस्कार मंडळी. मी नागपुरात पीएचडी करतेय. उंदराच्या यकृतातली प्रथिनं काढायला बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) लागतं: ट्रिस (पीएच सांभाळणारा घटक), मीठ, १० टक्के ग्लिसरॉल आणि ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेट, म्हणजे पित्ताम्लाचाच क्षार. पीएच ७.४. रात्री पाण्यासारखं नितळ असतं; सकाळी फ्रिजमधून काढून बाटली तिरपी केली की तळाशी साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा हळूच सरकतो. तीन वेळा नमुने वाया गेले. जीव तुटतो, कारण यकृत पुन्हा मिळवणं सोपं नाही.

डीऑक्सिकोलेटचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्लरूपात आणि निम्मं क्षाररूपात असतं) ६.५ च्या आसपास, म्हणून पीएच ८ च्या खाली ते जेल धरतं, हे माहीत आहे. पण ट्रिसचा पीएच थंडीत उलट वाढतो, म्हणजे जेल कमी व्हायला हवं. मग दोष मिठाचा की नुसत्या थंडीचा?

ग्लिसरॉल मी वजनानेच घेते (१० मिलीला १२.६ ग्रॅम), कारण पिपेटला ते चिकटून राहतं. तेवढी चूक नसावी.

पीएच ८.२ करू का? की सोडियम कोलेट (पित्ताम्लाचाच दुसरा क्षार) घेऊ? ग्लिसरॉल मात्र सोडायचं नाही, त्याशिवाय माझं एन्झाइम टिकत नाही. कोणी हे हाताळलंय का? प्लीज सांगा, सोमवारी पुढचे नमुने आहेत.