लाल पिशव्या गाडी उचलत नाही, तातडीने मदत हवी

वीस_खाटा: आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी पिवळ्या पिशव्या नेते, लाल तशाच टाकून जाते. ड्रायव्हर धड बोलत नाही. शेडमध्ये ढीग झालाय. दुसरी एजन्सी कशी मिळवायची?

चौथी_पाळी: पिशव्यांवर बारकोड आहे का? आत काय काय टाकता?

निर्जंतुक: सगळं आधी १ टक्का हायपोत (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरिनचं जंतुनाशक) बुडवून ठेवा, कोणी नाकारणार नाही. आणि ४८ तास उलटले असतील तर नोटीस येईल.

भट्टीवाला: दोन्ही चूक. ४८ तासांची मुदत अवयव आणि रक्ताने माखलेल्या कचऱ्याला आहे, लालचं नाव त्यात नाही. आधी प्रक्रिया लागते ती लॅबच्या कल्चरला, रक्ताच्या पिशव्यांना. हायपोत भिजलेला गॉज पिवळ्यातून भट्टीत गेला की क्लोरिनही जातं, मग विषारी डायॉक्सिन तयार होतं.

निर्जंतुक: सांडलेल्या रक्तावर हायपोच टाकता ना?

भट्टीवाला: फरशीवर. पिशवीत नाही.

फाइलवाली: वार्षिक अहवाल फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत जातो, विसरू नका.

वीस_खाटा: अहवाल गेलाय हो! बारकोड आहे. सलाइन सेट, कॅथेटर, युरिन बॅग, ग्लोव्हज, सिरिंज, स्काल्प व्हेन (पंखवाली सुई, नळी जोडलेली). नेहमीचंच.

चौथी_पाळी: स्काल्प व्हेन अख्खी?

वीस_खाटा: सिरिंजच्या सुया कटरने कापतो. स्काल्प व्हेन नळीसकट लालमध्ये. प्लास्टिकच आहे ना.

भट्टीवाला: मग ड्रायव्हरचं बरोबर आहे. सुई पिशवी फाडून उचलणाऱ्याच्या हातात घुसते. पंखांजवळ नळी कापा. सुईचं टोक पांढऱ्या डब्यात, नळी लालमध्ये. आयव्ही कॅन्युलातली स्टायलेट (आतली सुई)ही पांढऱ्यातच. डबा पाऊण भरला की बंद. कटर खाटेजवळच्या ट्रॉलीवर हवा. ड्रेसिंग रूममध्ये ठेवला की कोणी तिथवर जात नाही.

नवा_मामा: सलाइनच्या रिकाम्या बाटल्या भंगारात चालतात का?

चौथी_पाळी: नाही. प्लास्टिकच्या लालमध्ये, काचेच्या निळ्यात.

वीस_खाटा: आणि साठलेला ढीग? आमचाच ऑटोक्लेव्ह-श्रेडर (वाफेने निर्जंतुक करून तुकडे करायची यंत्रं) बसवू का?

भट्टीवाला: ७५ किलोमीटरच्या आत कचरा प्रक्रियेच्या सामाईक केंद्राची सेवा असेल तर परवानगी नाही. मावशींना पिशव्या उघडून सुया वेचायला बसवू नका. प्रत्येक पिशवी दुसऱ्या लाल पिशवीत घाला, 'आत सुया आहेत' असं ठळक लिहा आणि केंद्राला ईमेल करा: पिशव्यांची संख्या, वजन, बारकोड, कधी उचलणार. ड्रायव्हरशी तोंडी वाद घालून काही होणार नाही.